अर्धे इकडे, अर्धे तिकडे

सकाळी मी गॅसपाशी दूध तापवत उभी होते आणि बाहेरच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला, "अगं, रुपया पडला!" कुणाच्या घरी पाळणा हलल्याची बातमी द्यावी, तसा आवाज. दूध काठापर्यंत चढलं, मी गॅस बारीक केला, दूध खाली बसलं, तेवढ्यात पुन्हा, "नव्वदीच्या पार गेला, ऐकलंस का?" ऐकलं. न ऐकून जातेय कुठं? चंदीगडच्या सेक्टर चव्वेचाळीसमधल्या आमच्या या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात बाजार उघडायच्या आधी टीव्ही लागतो आणि बाजार बंद झाला तरी त्यातली माणसं गप्प बसत नाहीत. देशाचा रुपया पडतो आणि माझ्या घरातला हा माणूस, केंद्र सरकारच्या हिशेब खात्यातून हारतुरे घेऊन निवृत्त झालेला, कानाला मफलर गुंडाळलेला, चहाचा कप हातात धरून खूश होतो. पूर्वी मला याचं हसू यायचं. आज माझं डोकं असं काही सणकलं की मी गॅस खटकन बंद केला. बस झालं, मी मनाशी म्हटलं. आज याचा निकाल लावायचा.

आमचा पैसा दोन ठिकाणी आहे. आमचा म्हणजे सुबोधचा. मनातल्या मनात मी नवऱ्याला एकेरीच बोलते, तोंडानं 'अहो' म्हणते. एवढी चैन मला परवडते. तीन वर्षांपूर्वी निवृत्तीच्या वेळी जे काही हाती आलं त्यातलं अर्धं त्यानं इथल्या कंपन्यांच्या शेअरच्या फंडात घातलं आणि अर्धं अमेरिकेतल्या कंपन्यांच्या फंडात. याला तो तोल म्हणतो. रुपया पडला की अमेरिकेचा फंड फुगतो. तिथल्या कंपन्यांनी काडी इकडची तिकडं केलेली नसली तरी फुगतो, कारण डॉलर तेवढेच राहिले तरी त्यांचे रुपये जास्त होतात. इथला फंड मात्र तेव्हा आजारी पडतो. बाहेरचे बडे लोक डॉलर आणतात, त्याचे रुपये करतात आणि आपले शेअर घेतात. रुपया घसरायला लागला की शेअर जागच्या जागी असला तरी त्यांच्या डॉलरच्या हिशेबात तोटा होतो. मग ते शेअर विकतात, रुपयांचे पुन्हा डॉलर करतात आणि चालते होतात, आणि सगळेच डॉलर मागायला लागले म्हणून रुपया आणखी पडतो. रुपया सावरला की सगळं उलटं. ते परत येतात, इथला फंड तरतरीत आणि तिकडचा मलूल. हे मला कशाला ठाऊक असायला हवं? मी मिरजेच्या कॉलेजातून मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई. पण ज्या घरात पोथी वाचावी तसं हेच रोज वाचलं जातं, तिथल्या भिंतीसुद्धा शिकतील. मी शिकले, आणि शिकता शिकता एक गोष्ट माझ्या लक्षात आली. जो फंड वर आहे तो विकायचा नाही, कारण तो चढतोय. जो खाली आहे तो विकायचा नाही, कारण तोटा होईल. आणि दोन्हींतला एक कायम वर आणि एक कायम खाली असतो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. माझ्या नवऱ्यानं तर अंगण दोन देशांत घेऊन ठेवलंय, एक सरळ झालं तर दुसरं वाकडं असावं म्हणून.

मला या सगळ्या पैशांतून एकच गोष्ट हवी होती. मिरजेला ब्राह्मणपुरीत माझी थोरली बहीण सुरेखाताई एकटी राहते. तिच्या दारासमोर दार आहे ते बाळकृष्णकाकांचं. काकांना मुलीकडं बेळगावला जायचंय, घर विकायचंय, आणि तीन वर्षं ते ताईच्या शब्दाखातर आमच्यासाठी थांबलेत. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते आणि ताई तेरा. तिनं माझ्या वेण्या घातल्या; खोबरेल तेल थापून अशा करकचून घालायची की डोळ्यांच्या कडा ताणल्या जायच्या आणि शाळेत बाई विचारायच्या, रडत होतीस का? सतारमेकर गल्लीत आमचं घर, शेजारच्या गच्चीवर सतारीचे भोपळे वाळत घातलेले, खालून पॉलिशचा वास आणि कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा लावतंय. ताईनं शाळा सोडली, मी शिकले. तिचे यजमान गेले, मुलगा आदित्य दुबईला गेला, गुडघे गेले, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. आमचं दोघींचं ठरलेलं होतं: समोरासमोर दारं, सकाळी दोन्ही उघडी टाकायची, एक पेपर घ्यायचा, आतलं पान तिला आणि पहिलं मला, कारण तिला पुढारी आवडत नाहीत. एवढंच. यात अमेरिका कुठं येते, मला कुणी सांगावं.

पण ती आली. सुबोध निवृत्त झाला त्या वर्षी डॉलर माजला होता. अमेरिकेतले शेअरही तेव्हा आपटले होते, इथलेही डळमळत होते, म्हणाला, जरा दम धर. पुढं इथला बाजार असा काही चढला की खाली राहणाऱ्या ग्रेवाल आंटींचा ड्रायव्हरसुद्धा शेअर सांगायला लागला. तेव्हा म्हणाला, आता काढणं म्हणजे भरल्या ताटावरून उठणं. मग बाहेरचे लोक विकायला लागले, इथला फंड गळाला. तोट्यात कोण विकतं? मध्ये रुपया थोडा सुधारला, मी आशेनं त्याच्या तोंडाकडं बघितलं, तर तो अमेरिकेच्या फंडाकडं बघून सुस्कारे टाकत होता. आणि प्रत्येक वेळी मी ताईला फोन करून सांगितलं. अगदी नीट, समजावून. "ताई, सध्या रुपयाचं असं झालंय गं, त्यामुळं आम्ही थोडं थांबायचं म्हणतोय." नवरा नको म्हणतो, असं मी कधीही सांगितलं नाही. माहेरी असं सांगत नाहीत. आमच्या घरची रीतच आहे, जावयाचं नाक माहेरी खाली होऊ द्यायचं नाही. तो दारू पिणारा असो नाहीतर कंजूष असो, माहेरी बोलताना 'आम्ही' म्हणायचं. कंजूष नवरा पदरी पडलेली माझी आत्या आयुष्यभर 'आम्हाला डाळिंबं आवडत नाहीत' म्हणत राहिली. मी 'आम्ही थांबलोय' म्हणत राहिले, आणि ताई प्रत्येक वेळी म्हणायची, "बरं, बघा तुमच्या सोयीनं."

इथं आलो तेही तीन वर्षांसाठी. चंदीगडची बदली; मग म्हणे, मुलाची दहावी होईपर्यंत. आलो तेव्हा शुभंकर पहिलीत होता. सरकारी क्वार्टरमध्ये मी भिंतीला खिळा ठोकू दिला नाही, उद्या सोडायचंच आहे म्हणून; टीव्हीचं आणि मिक्सरचं खोकं माळ्यावर जपून ठेवलं, पुढच्या बदलीत लागेल म्हणून. टीव्ही बिघडून भंगारात गेला तरी खोकं होतं. बदल्या झाल्या त्या याच शहरात, एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत. महाराष्ट्र मंडळातल्या बायका येत गेल्या, जात गेल्या, कुणी नागपूरला, कुणी नाशिकला. निरोपाच्या श्रीखंडाची पातेली मीच घासली. मला हे शहर आवडत नाही असं नाही. रस्ते सरळ आहेत, झाडं ओळीत आहेत, हिवाळ्यात उन्हात बसून मटार सोलताना अंगणातल्या सगळ्या बायका एकाच आवाजात बोलतात आणि त्या बोलण्यात मला घेतात. पण मटार सोलता सोलता मला वाटतं, मी इथं पाहुणी म्हणून आले आणि यजमानांनी ताट वाढून झोपायची जागाही दिली, तरी कुणी विचारलं नाही की बाई, घरी कधी जाणार? सुबोधला कुणी विचारलं तर तो सांगतो, जरा बाजार बघून.

सोमवारी ताईचा फोन आला होता. काकांना दातांचे एक डॉक्टर भेटलेत, त्यांना दवाखान्यासाठी जागा हवीय, काका म्हणतात रविवारपर्यंत तुमचं काय ते कळवा. ताईनं एवढंच सांगितलं, आग्रह केला नाही. आग्रह करायचा तिचा स्वभाव नाही. आज शुक्रवार. आज बाजार उघडा, मग दोन दिवस बंद. मी दुधावर झाकण ठेवलं आणि बाहेर गेले.

"अमेरिकेचा विका," मी म्हटलं. "चढलाय ना? मग आजच विका. काकांचं घर त्यात सहज बसतं."

सुबोधनं चष्मा कपाळावर सरकवला. "अगं, चढत्या बाजारात कुणी विकतं का? रुपया अजून घसरणार आहे. सगळे तेच म्हणताहेत."

"मग इथला विका."

"तो तर पडलाय. तोटा करून घेऊ?"

"मागं रुपया सुधारला होता तेव्हा इथला वर होता. तेव्हा का नाही विकलात?"

"तेव्हा बाहेरचा पैसा परत येत होता ना. अजून चढायला जागा होती."

"आणि अमेरिकेचा?"

"तो तेव्हा खाली होता."

हे सगळं तो अगदी शांतपणे, मान हलवत, जरा कौतुकानंच सांगत होता. बायकोला इतकं कळतं याचं कौतुक. यात एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता तो त्यामुळंच. खोटं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं. ज्याचं प्रत्येक वाक्य खरं आहे त्याच्याशी बाईनं कसं भांडावं? मी म्हटलं, "तुम्हाला मिरजेला जायचंय का नाही, तेवढं एक सांगा."

"म्हणजे काय? जायचंच आहे. आपलं ठरलेलंच आहे की."

"कधी?"

"जरा स्थिर होऊ दे."

"काय स्थिर होऊ दे?"

"रुपया," तो म्हणाला, आणि चष्मा खाली ओढून पुन्हा टीव्हीकडं बघायला लागला.

शुभंकर बॅग खांद्याला लावून बुटांच्या लेस बांधत होता. तो मोहालीला नॉलेज सिटीत एका प्रयोगशाळेत काम करतो, आमचं सगळं बोलणं त्याला कळतं आणि उत्तर तो हिंदीतच देतो. "आई, छोड़ ना यार," तो म्हणाला. "पापा का ये चलता रहेगा. और पापा, खुश मत हो इतना, हमारी लैब का सारा केमिकल बाहर से आता है, ग्रांट वही की वही है." सुबोध म्हणाला, "ते वेगळं." एकाच रुपयाच्या पडण्यानं एकाच घरात एक खूश, एक वैतागलेला, आणि मी तिसरी, जिचं कुठल्याच टीव्हीवर काही येत नाही. मी खुंटीवरची शाल घेतली, भाजीची पिशवी घेतली, आणि चपला घालून जिना उतरले. सुबोधला वाटलं असणार, भाजीला गेली.

खाली ग्रेवाल आंटी उन्हाची वाट बघत खुर्ची मांडून बसल्या होत्या. ऊन नव्हतं, धुकं होतं, पण खुर्ची रोजच्या जागी होती. त्यांचा मुलगा बब्बू अमेरिकेत ट्रक चालवतो, घरी डॉलर पाठवतो. "नलिनी जी, सुणेया? डालर वद्ध गया!" त्यांनी मला हाताला धरून थांबवलं. "हुण बब्बू दे पैसे ज़्यादा बणनगे." आणि डब्यातली एक पिन्नी, तुपातला कणकेचा लाडू, माझ्या हातावर ठेवली, तोंड गोड कर म्हणून. मी म्हटलं, "बधाई हो, आंटी." दुसरं काय म्हणणार? त्यांच्या जागी मी असते तर मीही वाटल्या असत्या. मी ती पिन्नी रुमालात बांधून पिशवीत टाकली आणि चालायला लागले. भाजीवाल्यावरून पुढं गेले, गुरुद्वाऱ्यावरून पुढं गेले, आणि सेक्टर त्रेचाळीसचा बसस्टँड आला तेव्हा मला कळलं की मी भाजी घेतलेली नाही.

स्टँडवर पंजाबचे, हिमाचलचे, हरयाणाचे कंडक्टर आपापल्या गावांची नावं ओरडत होते. मला वाटलं, यातला एक जरी 'मिरज' म्हणाला तर मी आत्ता चढेन, अंगावरच्या शालीनिशी, पिशवीनिशी. कुणी म्हणालं नाही. "पिंजौर, कालका! पिंजौर, कालका!" एक पोरगेलासा कंडक्टर माझ्या तोंडासमोर येऊन ओरडला, बस हलायला लागली होती, आणि मी चढले. पिंजौरला माझं काही काम नव्हतं. तिथं एक बाग आहे, ती मी वीस वेळा पाहिलीय. महाराष्ट्रातून कुणीही आलं की आम्ही त्यांना ती बाग दाखवतो. मी खिडकीशी बसले. "बीबी जी, कित्थे?" कंडक्टरनं विचारलं. मी पिंजौर म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं. निदान मी कुठंतरी निघाले होते आणि मला थांब म्हणणारं शेजारी कुणी नव्हतं.

बाहेर काही दिसत नव्हतं. धुक्यात समोरच्या गाडीचे लाल दिवे आणि मधूनच एखादी पाटी. काचेतून थंडी गुडघ्यात शिरत होती आणि मला ताईचे गुडघे आठवत होते. गेल्या खेपेला मिरजेला गेले तेव्हा ती जिना उतरताना एक हात कठड्यावर आणि एक माझ्या खांद्यावर ठेवून उतरली. मी मुद्दाम हळू उतरत होते, आणि ती म्हणाली, नले, भराभर उतर की, मी काही म्हातारी नाही. मग मधल्या पायरीवर थांबून दम घेतला आणि काकांच्या दाराकडं बघून म्हणाली, इथं तुझी तुळस ठेवता येईल, ऊन येतं. त्या जागेला मी मनातल्या मनात किती वेळा पाणी घातलं असेल. सुबोधला हे सांगितलं तर तो म्हणेल, हो, ऊन चांगलं आहे तिथं. तो वाईट माणूस नाही. तो उधळ्या नाही, माझ्यावर कधी हात उगारला नाही, ताईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला स्वतः गेला होता आणि दवाखान्याच्या बाकावर बसून राहिला होता. एक दगड नदीत असतो तसा तो आहे, पाणी इकडून आलं काय नि तिकडून गेलं काय. मला वाटतं, त्याला भीती वाटते. आयुष्यभर बदलीचे हुकूम वरून आले. ह्या शहरात जा, तिथून उठा, इथं बसा. स्वतःहून त्यानं एकदाही कुठलं गाव निवडलं नाही. आता हुकूम देणारं कुणी उरलं नाही, म्हणून त्यानं रुपयाला साहेब केलंय. साहेब काही बोलत नाही, नुसता वर-खाली होतो, आणि हा फायली घेऊन दाराबाहेर उभा. हे मला सुचलं आणि त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून पुन्हा राग आला. मी कशाला याची कीव करायची? माझी कोण करतंय?

चंडीमंदिरच्या पुढं धुकं जरा पातळ झालं. शेजारी एक म्हातारी येऊन बसली, तिनं मांडीवरच्या पुडीतले भुईमुगाचे दाणे मला न विचारता माझ्या तळव्यावर ओतले. मी पिन्नी काढून अर्धी तिला दिली. तिनं विचारलं, पिंजौरला कोण आहे तुझं? मी म्हटलं, कुणी नाही. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. ती म्हणाली, माझीही मुलगी लांब दिलीय, मी अशीच कधी कधी बसमध्ये बसते. मग ती झोपली, तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं, आणि मी पिंजौरपर्यंत खांदा हलवला नाही.

पिंजौरच्या स्टँडवर उतरले आणि फोन वाजला. सुबोध.

"कुठं आहेस? भाजीवाल्याकडं बघून आलो मी. आंटींना विचारलं."

"पिंजौरला."

"पिंजौरला? कशाला?"

"बस होती."

पलीकडं बराच वेळ काही आवाज नाही. टीव्हीचाही नाही. त्या घरात टीव्हीचा आवाज नाही हे मला इतकं चमत्कारिक वाटलं की मी फोन कानापासून काढून बघितला, कट झाला की काय.

"विकला," तो म्हणाला.

"काय?"

"अमेरिकेचा. सगळा. आत्ताच विकायला टाकला. आठवड्याभरात खात्यात येतील पैसे." घसा खाकरला. "चढता विकलाय हं, लक्षात ठेव. तू काकांना कळव. आणि घरी ये आता. मटार तसेच पडलेत, मला सोलता येत नाहीत, दाणे उडतात."

मला रडू आलं आणि हसूही आलं, आणि आसपासच्या कंडक्टरांची, रेवड्या विकणाऱ्याची, सगळ्या पिंजौरची मला एकदम माया आली. तीन वर्षं ज्या माणसाला मी मनातल्या मनात सोलून काढलं तो मी एक बस पकडल्यानं हलला होता. मी म्हटलं, "अहो, जेवून घ्या, वाट बघू नका." एवढंच. प्रेमाचं म्हणून आमच्यात एवढंच बोलतात. मग मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि ताईला फोन लावला. बोटं गार पडली होती, दोनदा चुकीचं नाव दाबलं गेलं.

"ताई! बाळकृष्णकाकांना सांग, घर आम्ही घेतो. यांनी पैसे मोकळे केले. आज. आत्ता!"

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. ताई म्हणाली, "थांब हं, गॅस बंद करते." ती गेली, आली. "नले, मी तुला संध्याकाळी फोन करणारच होते. आदित्य आलाय ना परवा दुबईहून."

"बरं झालं. त्यालाही सांग."

"अगं, ऐक. त्यानं पुण्याला माझ्यासाठी जागा घेतलीय. म्हाताऱ्या माणसांची सोसायटी आहे, लिफ्ट आहे, डॉक्टर खालीच बसतात, जेवणसुद्धा मिळतं. तो म्हणाला, आई, रुपया इतका खाली आलाय, तिकडच्या पगारात इथलं काहीही बसतंय, आत्ताच घेऊन टाकू. काल पैसे भरून आला. आणि आमचं हे घर ते दातांचे डॉक्टरच घेताहेत, काकांचं आणि हे मिळून. मधली भिंत पाडणार म्हणत होते."

मी म्हटलं, "तू हो म्हणालीस?"

"म्हणाले."

"मला न विचारता?"

"तुला काय विचारायचं गं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तू चिडू नकोस, पण मला वाटलं, तुलाच यायचं नाहीये."

"मला?"

"तीन वर्षं झाली. दर वेळी तू म्हणायचीस, आम्ही थांबलोय, रुपयाचं असं झालंय, डॉलरचं तसं झालंय. मिरजेत जागा घ्यायला डॉलर कशाला लागतो? मी आदित्यला म्हटलंसुद्धा, तिचं तिकडं बस्तान बसलंय, मुलगा तिथं आहे, तिला करमतंय. सरळ नाही म्हणायला जड जातं, म्हणून बिचारी काहीतरी सांगते. मग मीच काकांना म्हटलं, रविवारची वाट बघू नका, आपण कशाला तिला अडकवायचं."

मला तिला सांगायचं होतं की मी रोज त्या जिन्यातल्या उन्हाला पाणी घालत होते. की मी नाही, ताई, तो. तो थांबला होता, मी नाही. 'आम्ही' मधून स्वतःला एकटीला बाहेर कसं काढतात ते मला येत नव्हतं. आणि आज तर त्यानं विकला होता. आज त्याचं नाव घेणं मला कसं जमणार? म्हणून मी जे येत होतं ते बोलायला लागले. "ताई, ते कारण नव्हतं गं. खरंच तसं होतं. रुपया घसरायला लागला ना, की बाहेरचे लोक इथले शेअर विकतात, त्यांना डॉलरमध्ये तोटा होतो म्हणून, मग इथला फंड पडतो, आणि तेव्हा विकला तर..." मी मोठमोठ्यानं बोलत होते, कालक्याच्या बसचा हॉर्न वाजत होता, रेवडीवाला माझ्याकडं बघत होता, माझा आवाज फाटला होता. एकेक शब्द खरा होता, आणि माझ्याच कानाला तो थाप वाटत होता. "आणि रुपया वर आला की अमेरिकेचा खाली येतो, म्हणून मग..."

"असेल गं," ताई म्हणाली. लहानपणी शाळा बुडवायला मी पोट दुखतंय म्हणायचे, तेव्हा ती अंथरूण घालता घालता बोलायची, तशी. "असेल तसं. आणि नसलं, तरी मी काही तुझ्यावर रागावलेली नाही."